टोमॅटो उतरतीला लागल्यावर छाटणी कशी करायची? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

दसरा झाला की दरवर्षी हे प्रश्न सुरू होतात, अर्धे गंगापूर रोड-इंदिरानगरच्या गच्चीवाल्यांचे आणि अर्धे गिरणारे-दिंडोरी पट्ट्यातल्या शेतातल्या प्लॉटवाल्यांचे. दोघांचं गणित वेगळं, पण झाड तेच, म्हणून एकत्रच लिहितेय. हे सगळं पावसाळी लागवडीबद्दल आहे, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये लावलेला टोमॅटो जो दिवाळीच्या आसपास थकायला लागतो. उन्हाळी टोमॅटोचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

सीझनच्या शेवटी छाटणी म्हणजे नेमकं काय काढायचं?

शेंडा, बगलफुटवे (पानाच्या बेचक्यातून निघणारी फूट), उशिरा आलेली फुलं आणि बुडातली खराब पानं. महत्त्वाचा क्रमही हाच. लोक बरोबर उलट करतात, पहिल्यांदा पानं ओरबाडतात आणि शेंडा तसाच ठेवतात, कारण वरचं कोवळं हिरवंगार मोडायला जीव होत नाही.

कारण साधं आहे. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला साधारण ४५ ते ६० दिवस जातात, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी उमललेलं फूल धरलंच तरी त्याचं फळ जानेवारीच्या गारठ्यात लटकत बसणार, आणि तोपर्यंत झाड टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण झाडाला हे माहीत नसतं, ते फुटत राहतं, आणि त्या फुटीला लागणारी साखर खाली पोसत असलेल्या फळांच्या वाट्यातून जाते. शेवटच्या महिन्यात झाडाला नवीन काम द्यायचं नाही, हातातलं पुरं करू द्यायचं, बाकी सगळी छाटणी याच एका गोष्टीसाठी.

ताई, आमची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरला गोडी छाटणी करतो तशी टोमॅटोची जोरात छाटणी केली तर परत माल येईल का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. नाही, तसं करू नका. द्राक्षाची काडी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार होते, घड त्या काडीच्या डोळ्यात आधीच बसलेला असतो आणि ऑक्टोबरला छाटलं की तो नव्या फुटीबरोबर बाहेर येतो. शिवाय वेल वर्षानुवर्षं जगणारा, खोडात आणि मुळात साठा असतो. टोमॅटोत असं आधी तयार होऊन झोपलेलं काही नसतं. तो चालू वाढीवरच फुलतो आणि त्याचा कारखाना म्हणजे त्या वेळेला अंगावर असलेली पानं. ती कापली की फळ पोसायला मागे काहीच उरत नाही. कात्री घरात आहे म्हणून चालवायची नसते.

माझं झाड कोणत्या प्रकारचं आहे ते कसं ओळखू? सगळ्यांना शेंडा मारायचा का?

सगळ्यांना नाही. टोमॅटोत ढोबळमानाने तीन प्रकार. एक वेलासारखा वाढतच राहणारा, चेरी टोमॅटोचे बहुतेक प्रकार आणि पुसा रूबी यातले. याला शेंडा मारावाच लागतो, नाहीतर गच्चीच्या कठड्यावरून शेजाऱ्याकडे जातो. दुसरा बुटका झुडपी, याच्या फांदीच्या टोकाला फुलांचा घोस येतो आणि वाढ आपोआप थांबते. त्याला शेंडा मारायचा प्रश्नच नाही आणि फुटवे काढलेत तर आपलीच फळं कमी होतात, कारण माल फुटव्यांवरच असतो. तिसरा मधला, आपल्याकडे शेतात तारकाठीवर असतात ते संकरित वाण बहुतेक याच गटातले, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षकही यातलाच. हा कमरेच्या वर जाऊन हळूहळू मंदावतो, पण खत-पाणी जोरात असलं तर पुन्हा सुटतो.

पाकीट फेकून दिलं असेल तर टोकाकडे बघा. टोकाला फुलांचा घोस आणि पुढे काहीच नाही तर झुडपी. टोकाला कोवळी पानं गुंडाळलेली आणि दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पानं असतील तर वेलासारखा. दोन घोसांच्या मध्ये एखाददुसरंच पान असेल तर मधला.

शेंडा कधी मारायचा? तारीख सांगा ना.

थंड देशातले व्हिडिओ बघून लोक "पहिल्या हिमाच्या महिनाभर आधी" वगैरे विचारतात. नाशिक शहरात हिम पडत नाही, निफाडला पारा कधीकधी फार खाली जातो आणि द्राक्षवाले पहाटे शेकोट्या पेटवतात तो भाग वेगळा. आपल्याकडे टोमॅटो संपतो तो थंडीत मंदावून, करप्याने (पाला करपवणारा बुरशीचा रोग), व्हायरसने, किंवा रान कांद्याला पाहिजे म्हणून. तेव्हा तारीख शेवटाकडून मागे मोजायची. झाड कधी काढायचंय ते ठरवा आणि त्याच्या पाच-सहा आठवडे आधी शेंडा मारा. डिसेंबरअखेर उन्हाळ कांद्याची लागवड करायची असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शेंडा गेला पाहिजे. गच्चीवर घाई नसते, झाड निरोगी असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही.

आणि ऑक्टोबर हीट चालू असताना नको. पाऊस गेला की दोन-तीन आठवडे ऊन असं भाजतं की वरचा पाला फळांना छत्रीसारखा लागतो, तो त्याच वेळी काढला की फळावर पांढरा-पिवळसर कागदी चट्टा पडतो, नंतर त्यावर काळी बुरशी बसते आणि तो माल मार्केटला कोणी विचारत नाही.

शेंडा नेमका कुठे मोडायचा?

ज्या घोसातली फळं निदान लिंबाएवढी झालीत असा सगळ्यात वरचा घोस शोधा, चेरी असेल तर वाटाण्याएवढी. त्याच्या वर दोन पानं ठेवा आणि त्यापुढचं सगळं काढा. ती दोन पानं काढायची नाहीत, वरच्या घोसाला अन्न तिथूनच जातं आणि सावलीपण मिळते.

कोवळा असेल तर अंगठा आणि बोटात धरून बाजूला वाकवला की टच आवाज करून तुटतो, कात्रीची गरज नाही. पेन्सिलीएवढा जाड झाला असेल तर मात्र ओढू नका, साल खालपर्यंत सोलून येते. दहा-बारा झाडं झाली की बोटं हिरवी-काळी होतात, हात धुताना साबणाचं पाणी पिवळंजर्द निघतं, घाबरू नका, झाडाच्या केसांतला चिकट रस आहे तो. पांढरा शर्ट घालून मात्र जाऊ नका, डाग जाता जात नाही.

शेंडा मारल्यावर आठवड्याभरात खालून बगलफुटवे जोर करतात. बरेच जण एकदा शेंडा मारून निवांत होतात आणि पंधरा दिवसांनी बघतात तर एका शेंड्याचे चार झालेले. त्यामुळे दर सहा-सात दिवसांनी चक्कर मारायची.

बगलफूट आणि फुलांचा घोस यात गोंधळ होतो, चुकून घोसच तोडला जातो.

बगलफूट नेहमी पानाच्या बेचक्यातून निघते, म्हणजे खोड आणि पानाचा देठ यांच्या कोपऱ्यातून. घोस खोडाच्या मोकळ्या भागातून निघतो, दोन पानांच्या मधून, त्याच्या खाली पान नसतं. शंका असेल तर दोन दिवस थांबा, फूट असेल तर पानं उलगडतील, घोस असेल तर कळ्या दिसतील.

जून झालेली, स्वतःच फळं धरलेली मोठी फूट मुळापासून काढायची नाही. तिचाही फक्त शेंडा मारा आणि फळं पिकू द्या.

पानं किती काढायची? व्हिडिओत तर पूर्ण खोड उघडं केलेलं दाखवतात.

ते व्हिडिओ बहुतेक पॉलिहाऊसचे असतात, तिथे सतरा-अठरा पानं वर शिल्लक ठेवून खालचं खोड मोकळं करतात आणि वेल तारेवरून खाली सोडत नेतात. आपल्या उघड्या रानात त्याची नक्कल कशाला करायची?

माझं मत विचाराल तर पानं कमीत कमी काढा. पिवळी पडलेली, करपलेली, जमिनीला टेकलेली आणि जिथली फळं तोडून झालीत त्या घोसाच्या खालची, एवढीच. एका वेळी दोन-तीन, मग आठवडाभर थांबा. फळ लाल व्हायला फळावर ऊन पडावं लागतं हा गैरसमज आहे, टोमॅटो अंधाऱ्या खोक्यातही लाल होतो, त्याला पाहिजे ते योग्य तापमान. पानं काढण्याचा खरा फायदा हवेचा आहे. नोव्हेंबरात सकाळी दव इतकं पडतं की दहा वाजेपर्यंत बुडातला पाला ओला असतो आणि करप्याला तेच हवं असतं. जमिनीपासून वीतभर खोड मोकळं असलं की खालचं लवकर वाळतं, मातीचे शिंतोडेही उडत नाहीत.

फुलं खुडायला जीव होत नाही. खरंच काढायची का?

शेंडा मारला तेव्हा वर जी फुलं होती ती गेलीच. मध्ये कुठे राहिली असतील ती पण काढा, शेवटच्या तोड्याला सहा आठवड्यांपेक्षा कमी राहिले असतील तर त्यांच्यापासून काही मिळणार नाही. तसंही रात्री १२-१३ अंशांच्या खाली जायला लागल्या की परागकण नीट तयार होत नाहीत, फुलं गळतात किंवा वेडीवाकडी फळं धरतात.

छाटणी कोणत्या वेळी करायची? हत्यारं धुवायची का?

दव वाळल्यावर, म्हणजे साधारण दहानंतर आणि दुपारच्या आत, जखम संध्याकाळपर्यंत सुकली पाहिजे. ढगाळ किंवा पावसाची शक्यता असलेल्या दिवशी नको. अवकाळी येणार असेल तर दोन दिवस पुढे ढकला.

हत्यारापेक्षा मला हातांची जास्त काळजी वाटते. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि तंबाखूवरचा मोझॅक व्हायरस वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तंबाखू मळून त्याच हाताने शेंडे खुडत एका सरीतून दुसऱ्या सरीत गेलं की आपणच रोग वाटत जातो. मजुरांना हे नीट समजावून सांगा, बांधावर साबण आणि पाण्याची बादली ठेवा. दुधाच्या पाण्यात हात बुचकळण्याचा उपाय जुना आहे आणि त्याला आधार आहे, दुधातल्या प्रथिनांमुळे हा व्हायरस निष्प्रभ होतो. कात्री वापरत असाल तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, मध्ये मध्ये बुडवायची आणि काम झाल्यावर धुऊन तेल लावायचं, नाहीतर गंजते.

आणखी एक, आधी निरोगी झाडं करा, पानं गोळा झालेली, चट्टेपट्टे आलेली, खुरटलेली झाडं सगळ्यात शेवटी. त्यांना छाटून सुधारणा होत नाही, व्हायरस अख्ख्या झाडात असतो, फांदी कापून तो निघत नाही.

पानांवर पांढरट फोडासारखे चट्टे आहेत, ती पानं काढली तर चालेल का?

चट्टा उजेडाकडे धरून बघा. आत बारीक अळी आणि काळी विष्ठा दिसली तर टूटा नागअळी आहे. ही २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा महाराष्ट्रातच सापडली आणि आता आपल्याकडे कायमचीच झालीय. अशी पानं काढायचीच, पण काढून सरीत टाकलीत तर अळी तिथेच जमिनीत कोष करते. प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि उन्हात टाका आठवडाभर. करप्याच्या पानांचंही तसंच, घरच्या कंपोस्टमध्ये नको, ते तेवढं तापत नाही. जनावरांपुढेही पाल्याचा ढीग टाकू नका, त्यात टोमॅटीन असतं.

पिठासारखा पांढरा थर असेल तर ती भुरी, द्राक्षवाल्यांना सांगायला नको. आणि ढगाळ-गार हवेत पानाच्या कडेपासून पाण्याने भिजल्यासारखे तपकिरी डाग झपाट्याने पसरत असतील तर तो उशिराचा करपा. त्यात छाटणीच्या भरवशावर राहू नका, दोन-चार दिवसांत प्लॉट जातो. कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) पान दाखवा, आणि फवारणी करणार असाल तर लेबलवरचे तोडणीआधी थांबायचे दिवस पाळा, कारण या काळात तोडे चालूच असतात.

छाटणीनंतर खत-पाणी काय?

युरिया बंद. नत्र दिलंत की मोडलेल्या शेंड्याच्या जागी दुप्पट फूट येणार. शेतात झिरो-झिरो-पन्नास (नुसतं पोटॅशचं खत) देतात ते ठीक आहे, पोटॅशने रंग आणि टिकाऊपणा सुधारतो. गच्चीवर शेवटच्या महिन्यात काही नाही दिलं तरी चालतं.

पाणी थोडं कमी करा पण नियमित ठेवा. चार दिवस सुकवून एकदम भरपूर दिलं की फळं तडकतात, आणि पाण्याच्या अशाच ओढाताणीत कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून बूड काळं पडतं. त्याला अंड्याची टरफलं टाकून उपयोग नाही, ती कुजायला कितीतरी महिने लागतात.

शेंडा मारून महिना झाला तरी फळं हिरवीच. काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही, थंडी आहे. लाल रंग, म्हणजे लायकोपीन, साधारण २० ते २५ अंशांत छान तयार होतं, १०-१२ च्या खाली जवळजवळ थांबतं आणि ३० च्या वरही मंदावतं. ऑक्टोबरात फळ नारिंगी-पिवळसर राहतं आणि डिसेंबरात पिकायला कंटाळा करतं ते यामुळे. फळाच्या बुडाकडे किंचित रंग फुटला की तोडून घरात ठेवा, चवीत फार फरक पडत नाही आणि झाडावरचा भार कमी होतो.

झाड काढायचंय आणि हिरवी फळं पुष्कळ आहेत. ती पिकतील का?

पूर्ण पोसलेली असतील तर पिकतील. एक फळ आडवं कापून बघा. बियांभोवती जेलीसारखा गर असेल आणि सुरीखाली बी न कापता सटकत असेल तर त्या आकाराची बाकीची पिकणार. बी सहज कापलं गेलं, आत घट्ट आणि कोरडं असेल तर ते कच्चंच राहणार. पोसलेली फळं पेपरवर एका थरात, देठ खाली करून ठेवा, सोबत एखादं पिकलेलं केळं, त्यातून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू निघतो. फ्रिजमध्ये नको, तिथे पिकणं थांबतं आणि नंतर बाहेर काढलं तरी फळ पिठूळ लागतं. आठवड्यातून दोनदा बघून नासकं काढायचं.

न पिकणाऱ्यांची चटणी करा. कच्च्या टोमॅटोच्या फोडी थोड्या तेलात हिरवी मिरची-लसणाबरोबर मऊ होईपर्यंत परतायच्या, भाजलेले शेंगदाणे-तीळ, मीठ, चिमूटभर गूळ, जाडसर वाटायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर मस्त लागते. आमच्याकडे काही लोक या चटणीसाठी मुद्दाम हिरवे तोडतात.

भाव वाढलेत, छाटणी करून प्लॉट लांबवता येईल का? खोडवा (झाड छाटून त्याच खोडावर पुन्हा माल) घेतात तसं?

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो, आणि तेव्हा लोक विसरतात की त्याच वर्षी सप्टेंबरात हाच टोमॅटो फेकायची वेळ आली होती. वांग्याचा खोडवा चांगला येतो. टोमॅटोत झाड खरंच निरोगी असेल, खोड हिरवं असेल, तर शेंडा न मारता खालच्या एका जोमदार फुटीला पुढे चालवून तीन-चार तोडे वाढवता येतात. पण आपल्याकडे नोव्हेंबरपर्यंत किती प्लॉट इतके स्वच्छ राहतात? उतरत्या प्लॉटवर फवारणीचा आणि मजुरीचा खर्च आधी कागदावर मांडा, पिंपळगाव मार्केटला वीस किलोच्या कॅरेटला आज काय मिळतंय तो आकडा त्याच्या शेजारी लिहा, मग ठरवा. रोगट प्लॉट लांबवला तर शेजारच्या नव्या लागवडीलाही व्हायरस पसरवणारी पांढरी माशी आपणच पुरवतो.

काढलेले फुटवे लावता येतात का?

येतात की. बोटभर-वीतभर फूट, खालची पानं काढून पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं. मूळ झाडावर व्हायरसचं एकही लक्षण नको एवढीच अट. ऑक्टोबरात केलंत तर फायदा, डिसेंबरात केलंत तर रोप थंडीत नुसतं बसून राहतं.

उन्हाळी टोमॅटोला हेच सगळं लागू आहे का?

नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला टोमॅटो एप्रिल-मेच्या उन्हात संपतो, तिथे पाला हीच सावली. शेंडा मारून पाला विरळ केलात तर फळं भाजतील. फक्त वाळलेली-रोगट पानं काढा, बाकी हात लावू नका, गच्चीवर हिरवी जाळी बांधा.

शेवटी झाड कधी आणि कसं काढायचं?

वरचा पाला अर्ध्याहून जास्त गेला आणि राहिलेली फळं आठवड्याभरात काही बदलत नसतील तर काढा. शेतात बरेच जण त्याच तारकाठीवर पुढे कारली किंवा दोडका चढवतात, चांगली पद्धत आहे, फक्त जुनी सुतळी आणि सुकलेला वेल आधी साफ करा. त्या जागी लगेच मिरची, ढोबळी, वांगी, बटाटा नको, सगळे एकाच कुळातले. कांदा, मेथी, हरभरा चालेल.

कुंडीतलं झाड मात्र मुळासकट उपटा आणि मुळं धुऊन बघा. पांढरी तंतुमय असतील तर तीच माती शेणखत मिसळून वापरा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे. मग ती मुळं कंपोस्टला न टाकता बाहेर कचऱ्यात द्या, माती मे महिन्यात प्लास्टिकखाली कडक उन्हात तापवा, आणि तोवर त्या कुंडीत झेंडू लावा.